निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी झूम लेन्स

प्रश्न (म्हापसा): शिगमो (गोव्याचा शिमगा) आणि जुन्या गोव्यातल्या चर्च, दोन्हींसाठी कोणती झूम घेऊ?

उत्तर (मडगाव): आधी अ‍ॅपर्चर रिंग (लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारं कडं) बघा. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या लेन्सला ती नसते, त्यामुळे एफएम२ वर अ‍ॅपर्चर कायम सर्वांत लहानच राहतं. ही रिंग असलेल्या एआय, एआय-एस किंवा एएफ-डी प्रकारातली घ्या.

उत्तर (फोंडा): चर्चसाठी एएफ-डी ३५-७० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). फार सुंदर लेन्स! पण आतल्या काचेवर धुकट थर धरतो. मागून टॉर्च मारून तपासाच. पावसाळ्यात बुरशी टाळायला घट्ट डब्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४०-५० टक्के.

उत्तर (पणजी): दिवसाच्या रोमटामेळाला (शिगमोतल्या ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीला) निकॉनची सिरीज ई ७५-१५० मिमी एफ/३.५. तिची झूम करायची रिंग सैल पडून आपोआप सरकते, घेताना लेन्स उभी धरून पाहा. १५० मिमीला शटर किमान १/२५० सेकंद. रात्रीच्या चित्ररथांना आयएसओ ४०० ची (कमी प्रकाशात चालणारी) फिल्म असली तरी झूम नसलेली ५० मिमी एफ/१.८ च बरी.