लंडनमधील राजवाड्यांची पायी फेरी: पहाऱ्याचा सोहळा पाहावा की व्हाइटहॉलपर्यंत जावे?

बाबा: सर्वांना नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघे लेकीकडे लंडनला जात आहोत. राजघराण्याशी संबंधित वास्तू मार्गदर्शकासोबत पायी पाहाव्यात असा विचार आहे. दोन फेऱ्यांची माहिती मिळाली आहे. पहिली बकिंगहॅम पॅलेस आणि तिथला पहारेबदल एवढ्यापुरतीच आहे. दुसरी ग्रीन पार्क स्टेशनपासून निघते आणि बकिंगहॅम, सेंट जेम्स पॅलेस, व्हाइटहॉल (जुन्या राजवाड्याचा परिसर) असे करत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या दाराशी संपते. तिला सुमारे अडीच तास लागतात. कोणती घ्यावी, याबद्दल प्रत्येकाने आपले मत कळवावे.

आत्या: पहारेबदल चुकवू नका. लाल डगले, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या आणि समोरून वाजत येणारा बँड हे सगळे प्रत्यक्ष पाहण्यातच आनंद आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहिले होते. साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकरा वाजता सोहळा असतो, पण पाऊस असेल तर रद्द होतो. जागा मिळवायची तर दहा वाजताच पोहोचा.

ताई (लंडन): आत्या, तुझे म्हणणे खरे आहे आणि तो सोहळा सुंदरच असतो. तरीही माझे मत दुसऱ्या फेरीच्या बाजूने आहे. पहारेबदलासाठी तास-दीड तास गर्दीत एकाच जागी उभे राहावे लागते आणि त्यात पहिली फेरी जवळजवळ संपून जाते. शिवाय बकिंगहॅम पॅलेस हा राजांच्या वास्तूंमध्ये बराच अलीकडचा आहे. तिसऱ्या जॉर्जने १७६१ मध्ये ते घर राणी शार्लटसाठी विकत घेतले, चौथ्या जॉर्जच्या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्याचा राजवाडा केला आणि १८३७ मध्ये तिथे राहायला गेलेली व्हिक्टोरिया ही पहिली राज्यकर्ती. ज्या दर्शनी भागाचे फोटो आपण पाहतो तो दगडी मुखवटा तर १९१३ मधला आहे.

खरा जुना दरबार तिथून चालत दहा मिनिटांवर, सेंट जेम्स पॅलेसमध्ये आहे. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात तो बांधला. परदेशी राजदूतांची नेमणूक आजही ‘सेंट जेम्सच्या दरबारात’ झाली असेच म्हटले जाते आणि १० सप्टेंबर २०२२ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची द्वाही याच वाड्याच्या फ्रायरी कोर्टकडील सज्जातून फिरवली गेली. पर्यटकांना एरवी आत सोडत नाहीत, त्यामुळे चांगला मार्गदर्शक नसेल तर लोक ते विटांचे दार नुसते ओलांडून पुढे जातात.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, तिथून पुढची वाट हीच संसदेशी लढून हरलेल्या पहिल्या चार्ल्स राजाची शेवटची वाट आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी सकाळी त्याला सेंट जेम्स पॅलेसमधून बाहेर काढले आणि बागेतून पायी व्हाइटहॉलला नेले. थंडीने अंग कापले तर लोकांना ती भीती वाटेल, म्हणून त्याने त्या दिवशी दोन सदरे घातले होते. व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाऊसमध्ये त्याला नेले, त्या दालनाच्या छतावर त्याच्या वडिलांच्या थोरवीची चित्रकार रुबेन्सने रंगवलेली चित्रे होती आणि ती त्यानेच करवून घेतली होती. त्याच इमारतीबाहेर उभारलेल्या मंचावर त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १६९८ च्या आगीत व्हाइटहॉलचा जवळजवळ सगळा राजवाडा भस्मसात झाला आणि नेमके हे बँक्वेटिंग हाऊस उरले. समोरच्या हॉर्स गार्ड्सच्या घड्याळावर दोनच्या आकड्यापाशी काळी खूण आहे; ती त्याच्या मृत्यूच्या वेळेची आहे असे सांगतात.

पहिल्या फेरीत राजा कुठे राहतो एवढेच कळते. दुसऱ्या फेरीत राजाला कुठे अडवले गेले, हेही पायाखाली कळत जाते. लंडनमध्ये राजघराण्याच्या खुणा पाहायच्या आणि हा तुकडा गाळायचा, हे मला मनापासून चुकीचे वाटते.

मोठे काका: अतिशय उत्तम लिहिले आहेस. यात आपल्याकडचा एक धागा जोडावासा वाटतो. ज्या राजाचा शिरच्छेद झाला त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला आणि त्याने पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनशी विवाह केला. १६६१ च्या त्या विवाह करारात मुंबई बेट हुंड्यात देण्याचे ठरले. राजाला त्या बेटाचा खर्च परवडेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पुढे १६७४ मध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहूनच नजराणा घेऊन गडावर आला होता. म्हणजे लंडनच्या दरबारातील एका लग्नाचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. त्या राणीची काही खूण या वाटेवर आहे का?

ताई (लंडन): आहे, काका. सेंट जेम्स पॅलेसला लागून मार्लबरो रोडवर क्वीन्स चॅपल नावाचे पांढरट, साधे प्रार्थनामंदिर आहे. वास्तुविशारद इनिगो जोन्सने ते पहिल्या चार्ल्सच्या कॅथलिक राणीसाठी पूर्ण केले आणि नंतर कॅथरीनही तिथेच प्रार्थनेला जात असे. बँक्वेटिंग हाऊसही जोन्सचेच, १६२२ मध्ये पूर्ण झालेले.

मी: कोहिनूर याच फेरीत दिसेल का? आणि कोल्हापूरच्या गादीकडून युवराजाला भेट गेलेली तलवार?

ताई (लंडन): नाही. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये, राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात आहे. टॉवर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा लागेल. १८७५-७६ च्या दौऱ्यात युवराज एडवर्डला मिळालेली तलवार राजघराण्याच्या संग्रहात आहे, पण पायी फेरीत ती पाहायला मिळत नाही.

आई: सगळे वाचून फार बरे वाटले. पण मला गुडघ्यांचा विचार करावा लागतो. अडीच तासांत बसायला कुठे मिळणार आहे का? वाटेत स्वच्छतागृह आहे का? आणि शेवटी अ‍ॅबीत लगेच जायचे असेल तर ते माझ्याने होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ताई (लंडन): आई, अंतर साधारण तीन किलोमीटर आहे आणि रस्ता जवळजवळ सपाट आहे. सेंट जेम्स पार्कमध्ये भरपूर बाके आहेत आणि स्वच्छतागृहही आहे. तिथे तळ्यावर पेलिकन पक्षी दिसतील. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्सला भेट दिल्यापासून ते या बागेत आहेत. मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवले तर तो गोष्ट बाकाजवळच सांगेल. निळा बिल्ला असलेला, म्हणजे ‘ब्लू बॅज’ मार्गदर्शक पाहूया. त्यांना रीतसर परीक्षा देऊन तो मिळतो.

अ‍ॅबीसाठी घाई नको. १०६६ पासून राज्याभिषेक तिथेच होत आले आहेत, ६ मे २०२३ चा सर्वांत अलीकडचा. पहिल्या एडवर्डने करवून घेतलेल्या राज्याभिषेकाच्या लाकडी खुर्चीवर जुन्या काळच्या शाळकरी मुलांनी कोरलेली नावे अजून दिसतात. आयुष्यभर एकमेकींच्या विरोधात राहिलेल्या पहिली मेरी आणि पहिली एलिझाबेथ या राज्य केलेल्या दोघी सावत्र बहिणी एकाच थडग्यात आहेत. हे सगळे थकलेल्या पायांनी पाहण्यासारखे नाही. फेरीच्या दिवशी बाहेरच थांबू. मात्र रस्त्याच्या एका बाजूला पहिल्या चार्ल्सविरुद्ध संसदेच्या बाजूने लढलेल्या क्रॉमवेलचा १८९९ मध्ये उभारलेला पुतळा आणि समोर सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर पहिल्या चार्ल्सचा लहानसा अर्धपुतळा आहे. तो कुणी दाखवला नाही तर नजरेस पडत नाही. क्रॉमवेलच्या पुतळ्याच्या मागेच वेस्टमिन्स्टर हॉल आहे, जिथे त्या राजावर खटला चालला आणि जिथे २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवले होते.

आत्या: एवढे ऐकल्यावर माझाही आग्रह मागे घेते. पण पहारेबदल वेगळ्या दिवशी तरी दाखव.

बाबा: ठीक आहे. गुरुवारी दुसरी फेरी घेऊ. त्या दिवशी सहसा पहारेबदल नसल्यामुळे बकिंगहॅमसमोर गर्दी कमी असेल. शुक्रवारी फक्त सोहळा पाहू आणि अ‍ॅबी पुढच्या आठवड्यात निवांत पाहू. दादा, क्वीन्स चॅपलचा फोटो तुमच्यासाठी नक्की पाठवतो.

ताई (लंडन): बाबा, गुरुवारी ते फक्त बाहेरून दिसेल. इस्टरपासून जुलैअखेरपर्यंत रविवारची प्रार्थना तिथे होत असते आणि तिला सर्वसामान्य लोकांनाही बसता येते. तुम्ही मे महिन्यात येत आहात, तेव्हा रविवारची वेळ मी तिथे विचारून ठेवते. आत फोटो काढता येणार नाहीत, त्यामुळे काकांसाठी तुम्हालाच लिहून पाठवावे लागेल.