मदत हवी आहे: पद्मिनी चढावर दम टाकते, इंजिन उघडण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

बाबांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनावर टाकीतून पेट्रोल खेचणारा 'एसी' कंपनीचा मूळचाच पंप. गाडी गिरगावात असते आणि सहसा रविवारी सकाळीच बाहेर निघते. (टॅक्सीतल्या पद्मिन्या २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्यापासून सिग्नलला लोक काच खाली करून फोटो काढतात. चढावर मात्र तेच लोक मागून हॉर्न मारतात.)

सपाटीला तक्रार नाही. थंड इंजिन चटकन लागतं, आयडलिंग स्थिर, मरीन ड्राइव्हला झकास पळते. हाजीअलीकडून पेडर रोड चढायला लागलो की खेळ सुरू. खाली तिसऱ्यात ४५ चा वेग असतो, अर्ध्या चढापर्यंत नीट ओढते, मग ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा ३० वर, २५ वर. मिसिंग नाही, सायलेन्सरमधून फटाके नाहीत, काळा धूर नाही. मागून कुणी बंपर धरून ठेवल्यासारखी नुसती मंदावत जाते. वर बाजूला घेऊन मिनिटभर आयडलवर ठेवली की पुन्हा ताजीतवानी, पण तेवढ्यापुरतीच. ईस्टर्न फ्रीवेवर ६० च्या वर सलग नेली तरी हेच.

गॅरेजवाल्याचं निदान: "इंजिन दमलंय साहेब, हाफ इंजिन करून टाका," म्हणजे उघडून रिंगा वगैरे बदला. मला ते पटत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं, ११० ते ११८ पीएसआयमध्ये आहे, तेल जळत नाही. शिवाय रिंगा गेलेलं इंजिन मिनिटभराच्या विश्रांतीने तरुण कसं होईल?

आतापर्यंत केलेलं: प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे, पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी तोंडाने ओढून पाहिली, आतली प्लेट सरकते आणि टिकते. एअर फिल्टर काढून चालवली, फरक शून्य. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं) साफ केले, फ्लोटची लेव्हल बघितली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो. चढावरून आल्यावर चारही ड्रमना हात लावला, ब्रेक धरत नाहीयेत. क्लच घसरत नाही, कारण वेगाबरोबर इंजिनाचा आवाजही उतरतो.

आता खरी गंमत. गाडी मरायला आली असताना चोकचा नॉब अर्धा ओढला तर ती चक्क सावरते आणि थोडी पुढे जाते. वर पोचल्यावर प्लग काढून पाहिले तर पांढरेफटक. चोकने हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय एवढं कळलं. पण कुठे? इंजिनाला हात लावू देण्याआधी हे शोधायचंय.

प्रतिसाद १
वेपर लॉक असणार, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते खेचता येत नाही. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो. टॅक्सीवाले उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते उगीच नाही. तेवढं करून बघा, फुकटचा उपाय आहे.

धागाकर्ता
फडकं झालं, काडीचाही फरक नाही. पहाटेच्या गारव्यात इंजिन नुकतंच गरम झालेलं असतानाही चढावर हेच होतं. टाकीचं झाकण सैल ठेवूनही चढवली, तेही नाही.

प्रतिसाद २
तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. सपाटीला इंजिन पितं कमी, त्यामुळे पंपाकडून थोडं आलं तरी फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) भरलेला राहतो. चढावर पिणं वाढतं, चेंबर उतरत जातो आणि मिश्रण पातळ होतं. आयडलवर ठेवलं की चेंबर पुन्हा भरतो. मेन जेट तुंबला असता तर चढाच्या पहिल्या क्षणापासून ओढली नसती, अर्ध्यापर्यंत आलीच नसती. म्हणजे दोष कार्बोरेटरच्या अलीकडे, टाकी ते पंप किंवा खुद्द पंप.

दोन्ही वेगळे करा. इंजिन थंड असताना कॉइलची मोठी वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारी नळी सोडून बाटलीत घाला आणि स्टार्टर मारा, धार कशी येते ते बघा. मग टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढा, तिथे नवीन नळीचा तुकडा लावून पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा आणि पुन्हा स्टार्टर मारा. दुसऱ्यांदा धार जोमदार आली तर पंप निर्दोष. दोन्ही वेळा मरतुकडी आली तर पंपाचा डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह गेले. हे उघड्यावर करा, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नको. शेजारी अग्निशामक सिलिंडर हवाच, आणि विडी ओढणारा मदतनीस नको.

धागाकर्ता
केलं. टाकीवरून धार बारीक आणि मधूनमधून बुडबुडे. कॅनवरून धार बाटलीच्या तळावर आदळत होती. पंप निर्दोष सुटला!

मग खाली झोपून लोखंडी पाइप आणि टाकीमधला रबरी तुकडा काढला. बाहेरून अगदी धडधाकट, तडा नाही, गळती नाही. उभा चिरला तर आतला थर फुगून सुटलेला, जिभेसारखा लोंबतोय. पेट्रोल हळू खेचलं की बाजूने वाट मिळते, जोरात खेचलं की तीच जीभ आडवी येते. बुडबुड्यांचं कारणही सापडलं, क्लॅम्पखाली रबर कडक झालंय आणि तिथून हवा आत ओढली जातेय. ओढणारी बाजू असल्यामुळे बाहेर थेंबही दिसत नव्हता.

प्रतिसाद २
इथेनॉल! जुनं रबर त्याच्यापुढे टिकत नाही. आता २० टक्के मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, तेव्हा साधी नळी आणू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांची, एसएई जे३० आर९ छापलेली मागा, महाग असली तरी. पंपाच्या दुसऱ्या बाजूचा तुकडाही बदला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर टाका. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सोडवतं, तो त्यात दिसेल. जेटला मात्र अजून हात लावू नका. नळी बदलून चढ चढवा, मग प्लग बघा.

धागाकर्ता
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आर९ नळी मिळाली, दोन्ही तुकडे आणि फिल्टर बसवले. काल पेडर रोड तिसऱ्यातच चढली, चोकला हात न लावता. आभारी आहे.

प्लग मात्र अजून फिकेच आहेत, पांढरे नाहीत पण विटकरीही नाहीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तेवढ्याच हवेसाठी जास्त लागतं, तेव्हा मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा विचार आहे. या सोलेक्सचे जेट मुंबईत सुटे मिळतात का? की जुना कार्बोरेटर घेऊन त्यातला काढावा लागेल? ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सवाल्यांकडे अजून गेलो नाही. कुणी हल्लीच घेतला असेल तर सांगा.