बूटस्ट्रॅप ५.३: फक्त लागणारे भाग घेतले तर मेन्यू मिटत नाही

केळीपट्टा
राम राम मंडळी. रावेर-यावल भागातल्या केळी उत्पादकांना रोजचा भाव दाखवणारं पान करतोय. पानावर मेन्यू, भावाचा तक्ता आणि नोंदणीची मोडल खिडकी (पानावरच उघडणारी), बस. एवढ्यासाठी बूटस्ट्रॅपचं (तयार डिझाइन देणारं फ्रेमवर्क) सीएसएस दोनशे केबीच्या वर आणि जेएस (जावास्क्रिप्ट) बंडल ८० केबीच्या आसपास उतरतं. मळ्यात रेंज कमी असली की पान अडकतं. म्हणून सासमध्ये (सीएसएस तयार करणारी भाषा) फक्त ग्रिड, टेबल्स, नेव्हबार आणि मोडल घेतलं. आता मोबाइलवर मेन्यू कायम उघडाच, मोडलची फुली गायब, आणि अंतराचे क्लास (एमटी-३ वगैरे) चालत नाहीत. काय राहिलं?

भुसावळ_जंक्शन
भाऊ, तिन्हीची कारणं वेगळी आहेत.

मिटलेला मेन्यू लपवणारा नियम नेव्हबारच्या फाइलमध्ये नाही, ट्रान्झिशन्समध्ये आहे. नावावरून ती निव्वळ सजावट वाटते, म्हणून बरेच जण तीच गाळतात. फुली क्लोज नावाच्या फाइलमधून येते. नेव्हबारसोबत नॅव्ह पण घ्या, नाहीतर लिंकांचं पॅडिंग जातं. आणि अंतराचे क्लास अगदी शेवटी युटिलिटीज-एपीआय घेतल्याशिवाय तयारच होत नाहीत.

क्रम असा ठेवा: फंक्शन्स, मग तुमचे बदललेले रंग-मापं, व्हेरिएबल्स, व्हेरिएबल्स-डार्क, मॅप्स, मिक्सिन्स, रूट, युटिलिटीज, रीबूट, टाइप, कंटेनर्स, ग्रिड. त्यानंतर घटक, शेवटी एपीआय. तुमचे रंग व्हेरिएबल्सच्या आधीच हवेत. मूळ किमती 'डिफॉल्ट' खुणेच्या असतात, आधी ठरलेली किंमत त्या बदलत नाहीत. नंतर लिहिलेला रंग काही ठिकाणी लागतो, काही ठिकाणी नाही, आणि शोधायला फार वेळ जातो.

नवीन डार्ट सास (सासचा कंपायलर) इंपोर्टबद्दल भराभर इशारे छापेल. बांधणी त्याने थांबत नाही.

तापीकाठ
जेएसचं सांगतो. बठ्ठं पॅकेज इंपोर्ट करून बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) नको ते गाळेल, या भरवशावर राहू नका. प्रत्येक प्लगइन लोड होतानाच पानावर क्लिकचे श्रोते (इव्हेंट लिसनर) लावतं, त्यामुळे न वापरलेलं म्हणून ते सहज काढता येत नाही. जेएस-डिस्ट फोल्डरमधून कोलॅप्स आणि मोडल या दोनच फाइली घ्या. दोघांनाही पॉपर (तरंगत्या मेन्यूची जागा ठरवणारी लायब्ररी) लागत नाही. मेन्यूत ड्रॉपडाउन आला की मात्र पॉपर आलंच. टूलटिप, पॉपओव्हरचंही तसंच.

जुना बंडलचा स्क्रिप्ट टॅग काढलाय का, हे नक्की बघा. दोन प्रती राहिल्या तर एका टॅपला दोन श्रोते धावतात आणि ड्रॉपडाउन उघडून लगेच मिटतो.

केळीपट्टा
मेन्यू, फुली, अंतर सगळं जमलं दादा. मोडल गरजेपुरतं टॅप झाल्यावर डायनॅमिक इंपोर्टने आणतोय, पण पहिल्या टॅपला खिडकी उघडत नाही, दुसऱ्याला उघडते.

तापीकाठ
पहिला टॅप होतो तेव्हा मोडलचा श्रोता लागलेलाच नसतो. तो फाइल आल्यावर लागतो. बटणावरचे डेटा-बीएस-टॉगल आणि टार्गेट काढा. टॅपच्या फंक्शनमध्ये इंपोर्ट पूर्ण होईपर्यंत थांबा, मग गेट-ऑर-क्रिएट-इन्स्टन्सने खिडकी मिळवून शो बोलवा. तोवर बटण डिसेबल ठेवा, कारण रेंज कमी असली की माणूस पुन्हा पुन्हा टॅप करतो. खरं तर एका छोट्या मोडलसाठी ही खटपट मी करणार नाही, सरळ सुरुवातीलाच घ्या. डायनॅमिक इंपोर्ट भावाच्या आलेखासाठी ठेवा. आलेखाची लायब्ररी जड असते.

भुसावळ_जंक्शन
सीएसएसमध्ये खरं वजन युटिलिटीजचं असतं. मार्जिन, पॅडिंग, डिस्प्ले हे क्लास मूळ एक आणि पाच ब्रेकपॉइंटचे (स्क्रीनच्या रुंदीचे टप्पे) मिळून सहा वेळा तयार होतात. युटिलिटीजनंतर, एपीआयच्या आधी, मॅप-मर्जने मार्जिनचं रिस्पॉन्सिव्ह फॉल्स करा. जे गट लागतच नाहीत ते मॅप-रिमूव्हने काढा. ग्रिडचे कॉलम वेगळ्या फाइलमधले, त्यांना धक्का लागत नाही.

पर्जसीएसएस (न वापरलेले क्लास काढणारं साधन) लावणार असाल तर शो, कोलॅप्सिंग, मोडल-बॅकड्रॉप हे क्लास सेफलिस्टमध्ये टाका. ते जेएस लावतं, एचटीएमएलमध्ये सापडत नाहीत. भाव चढला-उतरला तसा क्लासचं नाव जोडून बनवत असाल, तर तेही पूर्ण लिहा.

सर्व्हर एनजिनएक्स असेल तर जीझिप (फाइली दाबून पाठवणं) चालू करणं पुरत नाही. जीझिप-टाइप्समध्ये सीएसएस आणि जावास्क्रिप्ट लिहिल्याशिवाय फक्त एचटीएमएल दाबलं जातं. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये कॅशे बंद करून, ३जी निवडून आधी आणि नंतर मोजा. कव्हरेज टॅबचा लाल भाग (न वापरलेला कोड) बघून लगेच काही उडवू नका. मेन्यू उघडून, मोडल उघडून, मोबाइलच्या रुंदीत पान फिरवल्यावरच तो आकडा धरा.