एका रात्रीची सहल, दोन लहान मुलं आणि चार सायकली : मदत हवी आहे

शनिवारी सकाळी निघायचं, एक रात्र राहायचं आणि रविवारी संध्याकाळी घरी, असं ठरतंय. सायकली न्यायच्याच आहेत कारण मुलांना तेच हवंय. मुलगी सात वर्षांची, २० इंची सायकल, गिअर नाहीत पण मस्त चालवते, दोन्ही ब्रेक नीट मारते. धाकटा साडेचारचा, १४ इंची, साइडची चाकं नुकतीच काढलीत. सरळ जातो, वळतोसुद्धा, पण थांबायचं म्हटलं की ब्रेक सोडून पाय घासतो नाहीतर सरळ गवतात घुसतो. त्याच्या मते तेही थांबणंच आहे.

आता वाद असा आहे की नवऱ्याला "खरी" सायकल सहल करायचीय. म्हणजे सामान कॅरिअरवर बांधायचं, एका ठिकाणाहून निघून वीसेक किलोमीटरवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. मी म्हणते गाडीने जाऊ, एकाच ठिकाणी राहू, आणि जागा अशी बघू की दारातून सायकल काढली की लगेच चालवायला मिळेल. तिथे जाऊन परत सायकली गाडीत चढवा, परत कुठेतरी जाऊन उतरवा असं असेल तर एका रात्रीच्या सहलीत फक्त चढ-उतारच होईल.

२० किलोमीटर त्याला काहीच वाटत नाहीत कारण तो स्वतःच्या सायकलवरून हिशोब करतोय. १४ इंची चाकाचा घेर जेमतेम १.१ मीटर भरतो, आमच्या २६ इंचीचा दोन मीटरच्या वर, त्यात छोट्या सायकलला गिअर एकच आणि तोही हलका, म्हणजे आम्ही एकदा पायडल फिरवलं की धाकट्याला निदान दोनदा फिरवावं लागतं आणि पाय केवढेसे. रंगात आला तरी ताशी ७-८ किमी, आणि दर थोड्या वेळाने पाणी, शू, मुंगळा बघणं, ताईशी भांडण. बरं, अर्ध्या वाटेत "मला नाही चालवायची" म्हणाला तर काय, त्याला उचलू की त्याची सायकल?

तर विचारायचंय की एवढ्या वयाच्या मुलांना घेऊन कोणी ठिकाण ते ठिकाण असं केलंय का, आणि मुलांना (तुम्हाला नव्हे) मजा आली का? एका जागी राहायचं तर रस्ता कसा बघायचा, नकाशावर सगळेच रस्ते सपाट दिसतात. सायकली न्यायच्या कशा हा तिसरा घोळ. पट्ट्यांनी डिकीवर बांधायचा रॅक उसना मिळतोय, पण मुलीच्या फ्रेमचा दांडा खाली उतरता आहे, तो त्या रॅकच्या हातांवर टेकतच नाही. तिथे भाड्याने मिळतात असं ऐकलंय पण मोठ्यांच्या, १४ इंची कोण ठेवणार.

प्रतिसाद १

तुमच्या बाजूने मत. रस्त्याचं म्हणाल तर बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली सायकल वाट किंवा कालव्याच्या काठची वाट जवळपास असेल तर डोळे मिटून तीच घ्या. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळे तो मार्ग आखतानाच उतार फार कमी ठेवलेला असतो, साधारण शंभर मीटरला दोन मीटर, फार तर तीन. गाड्यांची रहदारी नाही हा त्याहून मोठा फायदा. फक्त कालव्याकाठी पाण्याच्या बाजूने तुम्ही आणि आतल्या बाजूने धाकटा, कारण गवतात घुसून थांबण्याची सवय तिथे चालणार नाही :)

अजून एक, जाताना वारा समोरून असेल अशी दिशा धरा म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीवर येतो. आणि परत कधी फिरायचं हे धाकट्याकडे बघून ठरवा, मोठीकडे बघून नको. तो अजून हसत असतानाच फिरा. "दमलो" म्हणाला म्हणजे उशीर झालाय, कारण तेवढंच परत यायचंय.

प्रतिसाद २

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने थोडंसं बोलते. जमतं, पण धाकट्याच्या पायांवर नाही. मोठ्यांच्या सायकलला मागून जोडायचा दांडा मिळतो, त्यात मुलाच्या सायकलचं पुढचं चाक उचलून अडकवतात, मनात आलं की पायडल मारतो, नाही आलं तर नुसता बसतो. किंवा मागे ओढायची दोन चाकी गाडी, ट्रेलर. त्यात मूल झोपतंसुद्धा, सामानही राहतं. दोन मुलांच्या ट्रेलरची मर्यादा बऱ्याचदा ४५ किलोच्या आसपास असते, सामान धरून, पण तुम्हाला मिळेल त्या ट्रेलरवर काय लिहिलंय ते बघा. मागच्या कॅरिअरवरची लहान मुलांची सीट मात्र या वयाला अपुरी पडायला लागते, बहुतेक सीट २२ किलोपर्यंतच असतात आणि झोपलेल्या मुलाची मान लोंबकळते ती वेगळीच.

पण एका रात्रीसाठी हे सगळं विकत घेऊ नका. उसनं मिळालं तर घरासमोर दोन चकरा मारून बघा. वळताना आणि ब्रेक मारताना मागचं वजन ढकलतं, त्याची सवय लागते. तेव्हा मिस्टरांनाच ओढायला लावा, २० किमीचे ८ कधी होतात ते कळणारही नाही.

प्रतिसाद ३

मुलांच्या सायकलच्या ट्यूब घरूनच घ्या, दोन्ही मापांच्या. मोठ्यांची ट्यूब कुठेही मिळेल, १४ इंची नाही मिळत. चाकाचे नट बहुतेक १५ मिमीचे असतात, तो पाना, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, मुलांच्या सायकलमध्ये नेहमी कमी असते आणि मग पोरं बिचारी दुप्पट जोर लावतात. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतपत घट्ट. मागे सरकवून कपाळ उघडं टाकलं तर उपयोग शून्य.

प्रतिसाद ४

आमच्या वेळी एका सायकलवर चौघं जायचो, हेल्मेट नाही की रॅक नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. (४ नंबर, तुम्ही चौघं एका सायकलवर मुक्कामाला गेला होतात का तेही सांगा.) घरी वाचून दाखवलं. तह असा झाला की एकाच ठिकाणी राहायचं, नवरा पहाटे उठून एकटा त्याचे २० काय ४० किमी करून मुलं उठेपर्यंत परत येणार, आणि मग आम्ही सगळे मिळून धाकट्याला झेपेल तेवढं. मागे जोडायचा दांडा एका ओळखीच्यांकडे आहे, विचारलाय. राहायच्या जागी फोन करून सायकली रात्री आत ठेवता येतील का हेही विचारून घेतलं, व्हरांड्यात कुलूप लावून ठेवा म्हणाले.

आता फक्त रॅकचं राहिलं. चारही सायकली मागे टांगल्या तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, ते मला नकोय. छोट्या दोन आत जातील का?

प्रतिसाद ३

जातील. मागच्या सीटचा एक भाग पाडा, मुलं उरलेल्या सीटवर बसू शकतील एवढं बघा. २० इंचीचं पुढचं चाक काढा, १४ इंचीचं नुसतं हँडल आडवं फिरवा. चेनची बाजू वर ठेवा, खाली एक जुनी चादर, आणि दोन्ही सायकली पट्ट्याने आवळून बांधा, नुसत्या ठेवू नका, जोरात ब्रेक लागला तर सुटी सायकल पुढे मुलांवर येते. मोठ्यांच्या दोन रॅकवर टांगा, जड आधी म्हणजे काचेच्या बाजूला. तरीही दिवे आणि प्लेट झाकली जात असेल तर तो रॅक तुमच्या गाडीला बरोबर नाही, छतावरचा बघा. आणि छतावर घेतलात तर खालच्या कमानी आणि पार्किंगची छतं लक्षात ठेवा, डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा.