कमी पैशात गेमिंग पीसी: तुम्ही काय घेतलंत आणि आता कसं चाललंय?

कळंबेकरीण

भाचा दहावी झाला आणि घरात एकच जप सुरू आहे, गेमिंग पीसी. दाजींनी स्पष्ट सांगितलंय, पन्नास हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही, आणि त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माउस सगळं आलं. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत चौकशी केली तर एका दुकानाचं कोटेशन दुसऱ्याशी जुळत नाही आणि भाच्यानं यूट्यूबवरून काढलेली यादी तिसरीच.

म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतःच्या किंवा वडिलांच्या पैशांनी असा पीसी घेतलाय, त्यांनी लिहा. भाव सांगताना साल सांगा. २०२५ ची दिवाळी झाल्यापासून रॅम इतकी चढलीय की २०२३ चा आकडा ऐकून भाचा उगाच हुरळतो. कुठला गेम खेळता तेही लिहा, नुसतं 'सगळं चालतं' नको. आणि दुकानांची नावं, फोन नंबर नकोत, अनुभव चांगला असला तरी.

उद्यमनगरी

ताई, माझा २०२३ चा. ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. टॉवर तीस हजारांच्या आत बसला. मॉनिटर घरात होता.

या प्रोसेसरच्या पोटातच व्हेगा ग्राफिक्स असतं. त्याला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्या रॅममधूनच वापरतं. म्हणून इथं १६ ची एक स्टिक घ्यायची नाही, ८ च्या दोन घ्यायच्या. दोन स्टिक असल्या की रॅमकडून ग्राफिक्सला जवळजवळ दुप्पट वेगानं माल मिळतो. दुकानदार एकच स्टिक देत होता, 'पुढं वाढवायला स्लॉट मोकळा राहतो' म्हणून. वेगळं कार्ड लावणाऱ्याला हा सल्ला ठीक आहे, माझ्यासारख्याला नाही. वर्कशॉपमधल्या मित्राकडं हाच प्रोसेसर एका स्टिकवर होता, जीटीए ५ मध्ये गाडी वळवली की चित्र अडखळायचं. दुसरी स्टिक टाकली आणि त्याच सेटिंगवर खेळ मोकळा पळायला लागला.

आणखी एक. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडं खाली रॅमचा स्पीड दिसतो. माझ्याकडं ३२०० ची रॅम २४०० वर चालली होती. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवायचा पर्याय, चालू केल्यावर ३२०० झाली. बिल देण्याआधी दुकानातच हे करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

व्हॅलोरंट लो सेटिंगवर शंभरच्या वर एफपीएस (सेकंदाला चित्रं) देतं, जीटीए ५ नॉर्मलवर साठच्या आसपास. नवे मोठे गेम ७२०पी वर आणि जीव मुठीत धरून. पुढं कार्ड लावायचं नक्की असेल तर मात्र ५६००जी घेऊ नका, साधा ५६०० घ्या. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. कार्ड लावल्यावर तो फरक जाणवतो.

पेठेतला स्टॉपर बॅक

आमच्याकडं हंगामात शाहू स्टेडियमवरची मॅच संपली की रात्री दुसरी मॅच सुरू होते, कॉम्प्युटरवर. पीटीएम आणि खंडोबा या आमच्या इथल्या फुटबॉल टीम, पीटीएमवाले एका बाजूला, खंडोबावाले दुसऱ्या बाजूला, आणि आवाज इतका की खालून आजोबा काठी आपटतात. आम्हाला ईफुटबॉल आणि जुना फिफा एवढंच पाहिजे होतं. ईफुटबॉल २०२१ पासून फुकटच आहे. त्यामुळं आमचं गणित वेगळं: पीसी स्वस्तात, आणि कंट्रोलर दोन, तेही बरे. कीबोर्डवर फुटबॉल खेळणाऱ्याला आम्ही टीममध्ये घेत नाही.

आम्ही रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून विकलेला पीसी घेतला. बँका आणि कंपन्या हजारोंनी डेस्कटॉप वापरतात आणि काही वर्षांनी एकदम बाहेर काढतात. तसलाच, इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या आय५ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, २०२४ मध्ये अकरा हजारांना. त्यात जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाकलं. हे करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा, कारण यात गोम आहे.

पहिली गोष्ट, बॉक्सचा आकार. बारका, आडवा ठेवायचा स्लिम डबा दिसायला छान, पण त्यात फक्त लो प्रोफाइल म्हणजे निम्म्या उंचीचं कार्ड बसतं. ती कार्डं कमी मिळतात आणि महाग पडतात. उभा टॉवर मागा. मिळेपर्यंत थांबा.

दुसरी, एसएमपीएस. या मोठ्या ब्रँडच्या ऑफिस पीसीत बऱ्याचदा बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतोच, कंपनीचं स्वतःचं काहीतरी असतं. त्यामुळं बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. आतला असतो तो अडीचशे-तीनशे वॅटचा, आणि त्यातून कार्डाला जाणारी वेगळी वायर निघालेली नसते. म्हणूनच १६५०. हे कार्ड ७५ वॅटवर चालतं आणि तेवढी पॉवर त्याला स्लॉटमधूनच मिळते. पण सगळी १६५० सारखी नसतात. काही मॉडेलच्या कडेला सहा पिनचं तोंड असतं. विकणाऱ्याकडून कार्डाचा वरच्या कडेचा फोटो मागवा, समोरचा फॅनचा नको.

तिसरी, विंडोज. सहाव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्यापासून चालतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्हाला फरक पडत नाही, त्या पीसीवर कुणी बँकेचं काम करत नाही. पण ताई, भाचा व्हॅलोरंटवाला असेल तर आठव्या जनरेशनच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही पीसीतली दोन्ही सुरक्षेची सोय मागतो.

सगळं मिळून वीस हजारांत लीग चालू आहे भावांनो. नाद खुळा.

कळंबेकरीण

भाचा व्हॅलोरंटवालाच. आणि जीटीए. आणि मावशी, अभ्यासपण, असं तो आत्ता मागून ओरडतोय.

काउंटरच्या पलीकडचा

मी दुकानात असतो, कुठल्या ते सांगत नाही. आमचीही बाजू ऐका.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आय५ दाखवा. कितव्या जनरेशनचा, तर माहीत नाही. चौथ्या जनरेशनच्या आय५ पेक्षा १२ व्या जनरेशनचा आय३ कितीतरी पुढं आहे. आय३ १२१००एफ, चार कोर आठ थ्रेड, आजही कमी बजेटला याच्यावर माझा हात पहिला जातो. फक्त शेवटचा 'एफ' बघा. एफ असला की आत ग्राफिक्स नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. 'कार्ड पुढच्या महिन्यात घेतो' म्हणणाऱ्यानं एफ नेला तर महिनाभर काळा मॉनिटर बघत बसायचं.

ऑनलाइनपेक्षा तुम्ही महाग का, हे रोज ऐकतो. कधी असतोच. पण जीएसटीचं पक्कं बिल आणि सिरीयल नंबर बघून घ्या, कुठूनही घेतलं तरी. कार्ड गेलं की वॉरंटी त्या नंबरावर चालते. 'सेलर वॉरंटी' एवढंच लिहिलेलं असेल तर कंपनी दारात उभी करत नाही.

रॅमबद्दल ताई म्हणाल्या ते खरं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवणाऱ्यांनी माल तिकडं वळवला, आणि इथं आमच्याकडं सकाळचं कोटेशन संध्याकाळी बदलायला लागलं. गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच लुबाडतोय. सध्या डीडीआर५ चा, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचा हट्ट सोडा. घरात, मित्राकडं, बंद पीसीत डीडीआर४ च्या स्टिक पडल्या असतील तर त्या शोधा आणि डीडीआर४ चंच बोर्ड घ्या. एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत येतं, बॉक्सवर वाचून घ्या.

आणि कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस. त्याच्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं. हातात घेऊन वजन बघा, हलकेपणावरूनच कळेल, बस्स.

बावड्याची आई

मी शिलाईकाम करते, कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. मुलाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा लॅपटॉप का पीसी यावर घरात महिनाभर वाद चालला. लॅपटॉप कॉलेजला नेता येतो म्हणून मी लॅपटॉपच्या बाजूनं. त्याचं म्हणणं, मम्मी, त्या पैशात लॅपटॉप घेतला तर गेम चालणार नाही, आणि चालला तर पुढं त्यात काही बदलता येणार नाही. शेवटी पीसी आला. कॉलेजात लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत, त्यावर भागलं. त्याचं ऐकलं ते बरं झालं. गेल्या वर्षी हार्ड डिस्क काढून एसएसडी त्यानं स्वतःच बसवली, मला बाजूला बसवून स्क्रू धरायला लावले.

मला लिहायचंय ते लाइटबिलाचं. गेम चालू असताना मशीन दोनशेभर वॅट घेतं म्हणाला. रोज चार तास धरले तर महिन्याला चोवीस युनिट. आकडा बारका वाटतो, पण आमचं बिल शंभर युनिटच्या आत बसायचं. शंभर ओलांडले की वरच्या युनिटना वरचा दर लागतो. म्हणजे नुसते चोवीस युनिट नाही वाढले, ते महागातले वाढले. हे कोणी दुकानात सांगत नाही. आता परीक्षेच्या महिन्यात बिल कमी येतं, त्यावरून अभ्यास चाललाय का नाही ते मला कळतं.

गोकुळ शिरगाव नाइट शिफ्ट

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर माझ्याकडून ऐका, मी मित्रांसाठीपण बघायला जातो.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीनं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर तिची नाणी काढायचं काम, म्हणजे मायनिंग, बंद पडलं. त्यानंतर आरएक्स ५८० सारखी कार्डं बाजारात ढिगानं आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, पण ते रात्रंदिवस चाललेलं असतं, फॅन झिजलेले असतात.

५८० मध्ये एक मेख आहे. मूळ कार्डात २३०४ शेडर, म्हणजे चित्र काढणारे बारके कोर. '२०४८एसपी' नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात २०४८, म्हणजे ५७० एवढेच. विकताना दोन्हीला ५८०च म्हणतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पेनड्राइव्हवर घेऊन जा. उघडल्यावर 'शेडर्स'च्या चौकटीत आकडा दिसतो. तिथं २०४८ दिसलं की भाव तेवढा खाली आणायचा.

मग फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) लावायचं आणि पंधरा मिनिटं गप्पा मारायच्या. नजर तापमानावर, कान फॅनवर. खर्र आवाज आला तर फॅनचं बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. पण स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन चमकले तर उठायचं आणि चपला घालायच्या. चहा आला असला तरी.

५८० ला १८५ वॅट लागतात, वरून आठ पिनची वायर. त्यापेक्षा थोडे पैसे जास्त असतील तर जुनं आरएक्स ६६०० बघा. तेही ८ जीबी, पण १३२ वॅटवर चालतं आणि वेगानं बरंच पुढं आहे. बावड्याच्या काकूंचं बिल वाचून हेच आठवलं.

शाहूपुरी, तळमजला

एकच ओळ. २०१९ ला आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना सांगायला नको, टॉवर खाली ठेवू नका, आणि जुलैत मॉनिटरचा खोका फेकून देऊ नका, माळ्यावर चढवताना लागतो.

करवीर तालुका

गावाकडं गेम खेळणाऱ्यांनी बजेटमध्ये यूपीएस आधी लिहावा, आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन नंतर. आमच्याकडं शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, ट्यूब फडफडते आणि पीसी रिस्टार्ट. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. मॅच पूर्ण करायला तो नाही, पण फडफडीत पीसी टिकून राहतो, आणि लाइट गेलीच तर नीट बंद करता येतो. मोठं कार्ड घेणाऱ्यानं हा आकडा जुळवून बघावा.

रंकाळ्यावरचा

मॉनिटरबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्याकडं सुरुवातीला घरातला जुना ३२ इंची टीव्ही होता. त्यावर एचडी रेडी लिहिलेलं, म्हणजे १३६६ बाय ७६८. लोक हसतात, पण फुल एचडीच्या निम्मेच ठिपके काढायचे असल्यामुळं साध्या ग्राफिक्सवरही गेम पळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाहीतर माउस हलवल्यावर चित्र मागून येतं. वर्षभर तेच वापरलं. मग २४ इंची, १०० हर्ट्झ, आयपीएस मॉनिटर घेतला, २०२४ मध्ये साडेआठ हजारांना.

आणि गेम विकत घ्यायची घाई नको. एपिक स्टोअरवर दर आठवड्याला काहीतरी फुकट असतं. मे २०२० मध्ये तर जीटीए ५ फुकट दिला होता, मी तेव्हा घेऊन ठेवला, पीसी नंतर आला.

कळंबेकरीण

भाच्यानं सगळं वाचलं. आता यादी अशी ठरतेय: आय३ १२१००एफ, डीडीआर४ चं एच६१० बोर्ड, दाजींच्या ऑफिसातल्या बंद पीसीतल्या ८ च्या दोन स्टिक चालल्या तर त्या, ब्रॉन्झ एसएमपीएस, आणि जुनं ६६००. मॉनिटर दिवाळीला. तोवर हॉलमधला टीव्ही, म्हणजे ताईची मालिका संपल्यावर.

नाइट शिफ्ट दादा, सांगलीत एक ६६०० विकायला आहे. बघायला याल का रविवारी? मिसळ आमच्याकडून.

गोकुळ शिरगाव नाइट शिफ्ट

मिसळ असेल तर येतो. पण आधी फोन करून त्याला सांगा, पीसीत लावून पंधरा मिनिटं चालवून बघणार. नाही म्हणाला तर सांगलीला जायचंच नाही, मिसळ इथंच खाऊ.