ममदानी आला की न्यूयॉर्क बुडणार म्हणे! (२०२५ च्या महापौर निवडणुकीआधीचा धागा)

सातची गाडी: परवा इथे एका महाशयांनी लिहिलं, "४ नोव्हेंबरला ममदानी महापौर म्हणून निवडून आला की न्यूयॉर्कचं दिवाळं वाजलं समजा. अक्कल असेल त्यांनी आत्ताच घरं विकून टेक्सास गाठावं." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी ममदानीचा भक्त नाही. ३४ व्या वर्षी एवढं मोठं शहर हाकणं सोपं नाही, हे मलाही कळतं. पण लोक घाबरतायत कशाला? तो भाडं गोठवणार म्हणतो ते अख्ख्या शहराचं नाही, फक्त रेंट स्टॅबिलाइज्ड घरांचं. मुख्यतः १९७४ च्या आधीच्या, सहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारती. अशी घरं दहा लाखांच्या आसपास. त्यांची भाडेवाढ नऊ जणांचं बोर्ड ठरवतं आणि ते बोर्ड महापौर नेमतो. माजी महापौर डी ब्लाझिओच्या काळात २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये एक वर्षाच्या करारांवर शून्य वाढ झाली होती. तेव्हा कोण टेक्सासला गेलं?

त्याच्या बाकी आश्वासनांतली फुकट बस घ्या. बस चालवणारी एमटीए राज्याच्या ताब्यात. दहा लाख डॉलरांवरच्या कमाईवर २ टक्के जादा कर? तो राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत ठरणार आणि गव्हर्नर होकुलबाई आयकर वाढवायला तयार नाहीत. सरकारी किराणा दुकानं किती, तर पाच. पाच दुकानांनी न्यूयॉर्क बुडत असेल तर बुडू दे.

एडिसनकर: ते महाशय मीच. नाव घ्यायला लाजता कशाला?

न्यू जर्सीत राहतो म्हणून बोलायचं नाही का? नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे, न्यूयॉर्कला कर भरतो. वर टनेलचा टोल आणि जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की नऊ डॉलर. ही सरळ लूट आहे. आणि हा ममदानी तिचं समर्थन करतो. मग मी काय टाळ्या वाजवू?

रेगो पार्कची सून: कर तुम्ही राज्याला भरता हो, शहराला नाही. बाहेरून येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ मध्येच गेला. आम्ही दोन्ही भरतो. आणि मॅनहॅटनला गाडी घेऊन जातंच कोण? बस आहे, ट्रेन आहे.

एडिसनकर: ताई, कधी आमच्या न्यू जर्सीच्या रेल्वेने, एनजे ट्रान्झिटने आला आहात का? मे महिन्यात ड्रायव्हरांचा संप, उन्हाळ्यात उकाड्याने गाड्या रखडलेल्या. पेन स्टेशनला बोर्डाकडे माना वर करून शेकडो माणसं उभी, आणि ट्रॅक नंबर लागला रे लागला की एकाच जिन्यावर सगळ्यांची झुंबड. एकदा त्या गर्दीत माझ्या आईचा हात सुटला. तेव्हापासून ती आली की मी गाडीच काढतो. नऊ डॉलर घ्या म्हणावं, पण त्यातला एक तरी आमच्या रुळांवर लावा.

उगाचच: आईंचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण हिशेब जुळत नाही. परवाच्या त्या लेखात तुम्ही ममदानीविरुद्ध उभ्या कुओमोला "अनुभवी, जबाबदार" म्हणालात. नऊ डॉलरचा कायदा २०१९ चा. खाली सही कोणाची? गव्हर्नर अँड्र्यू कुओमोची.

एडिसनकर: तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पुढे त्यानेच सांगितलं की ही वेळ नाही.

उगाचच: हो, खुर्ची गेल्यावर. घरमालक ज्या भाडे-कायद्याच्या नावाने बोटं मोडतात, तोही २०१९ चाच. ओळखा सही कोणाची.

दोन मजली: घरमालकांवर आलाच आहात तर माझंही ऐका. क्वीन्समध्ये दोन मजली घर, वर आम्ही, खाली भाडेकरू. कोविडमध्ये त्याने भाडं बंद केलं. तेव्हा कोणाला बाहेर काढायची सोय नव्हती, ती बंदी जानेवारी २०२२ पर्यंत चालली. मग हाउसिंग कोर्टाच्या तारखांवर तारखा. ऐन थंडीत हीट चालू आणि खिडकी सताड उघडी. कामावरून येताना पदपथावरून पडदा बाहेर फडफडताना दिसायचा आणि तेलाचं बिल माझ्या नावावर! तुम्ही खुशाल भाडी गोठवा. हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, विमा कोण गोठवणार?

सातची गाडी: काका, तुमच्यावर अन्यायच झाला. पण तुमच्या घरात दोनच बिऱ्हाडं. ते स्टॅबिलाइज्ड नाही, ममदानी काय, त्याचं बोर्ड काय, कोणीही तुमचं भाडं गोठवू शकत नाही.

दोन मजली: बरं, आज नाही गोठवू शकत. उद्याचं लिहून देता? घर नसलेल्याला कायद्याची कलमं पाठ असतात.

सातची गाडी: वैयक्तिक होऊ नका. घर नाही कारण परवडत नाही. निवडणूक त्यावरच चालली आहे.

रेगो पार्कची सून: मी स्टॅबिलाइज्ड घरात राहते. नुकताच भाडेकराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला, दोन चौकोन, एक वर्षाला ३ टक्के वाढ, दोन वर्षांना साडेचार. मी दोन वर्षांवर खूण केली, समोरच्या बिऱ्हाडाने एकावर, ममदानीच्या भरवशावर. पुढच्या वर्षी शून्य झालं तर ती बाई मला जिन्यात गाठून सुनावणार.

पण आमचा घरमालकही काही धनदांडगा नाही. बॉयलर म्हातारा झालाय. नवा घालायचा खर्च भाड्यातून निघत नाही म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसावा. त्यामुळे गोठवण्याला सरसकट टाळ्या माझ्याही नाहीत. आणि मत? ग्रीन कार्ड आहे, कसलं मत. आमच्यासारख्यांना शहरापुरतं मत देणारा कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला होता, तो मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने रद्द केला.

एडिसनकर: ममदानी मोदींबद्दल काय बोलला ते कोणीच काढलं नाही अजून. मीरा नायरचा मुलगा म्हणून नाचणारे आपलेच लोक!

उगाचच: आलंच का? महापौराने कचरा उचलायचा, उंदीर मारायचे, पोलीस आणि शाळा चालवायच्या. दिल्लीत कोण बसावं हे तो ठरवत नाही.

दोन मजली: कचऱ्यावरून आठवलं, महापौर अॅडम्सने झाकणाचे डबे सक्तीचे केले ते एक काम बरं केलं. खटला, आरोप, सगळं झालं, सप्टेंबरच्या शेवटी गडी शर्यतीतून बाहेर. नाव मात्र मतपत्रिकेवर तसंच. काही जण चुकून त्यालाच देतील.

रेगो पार्कची सून: आणि यावेळी मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचा क्रम द्यायचा नाही हं. तो फक्त जूनच्या पक्षांतर्गत निवडणुकीत होता. आता एकच गोळा काळा करायचा. म्हणून तर कुओमोचे लोक रिपब्लिकन उमेदवार स्लिवाला "बाजूला हो" म्हणतायत आणि तो लाल टोपी घालून ठाम उभा.

एडिसनकर: चला, सहीचं मान्य. कुओमोने केली, झालं समाधान? मला मत असतं तर स्लिवाला दिलं असतं. निदान तो लपवाछपवी करत नाही.

उगाचच: तुम्हाला मत आहे की राव! त्याच ४ तारखेला न्यू जर्सीच्या गव्हर्नरची निवडणूक आहे, शेरिल की चाटारेली. दोघंही नऊ डॉलरच्या विरोधात, तुमची तर चैन. इतकं लिहिलंत, त्यावर एक ओळ नाही.

एडिसनकर: त्यावर वेगळा धागा काढतो. एनजे ट्रान्झिटपासूनच सुरू करतो, मग बघू कोण कोण येतं.