रक्तदाबाच्या अभ्यासाचे निष्कर्ष जिल्हा परिषदेपुढे १५ मिनिटांत कसे मांडावेत?

रानवारा
एका तालुक्यात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा अभ्यास पूर्ण झाला आहे. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी गावाजवळच्या उपकेंद्रावर आणि एका वेळी ३० दिवसांच्या दिल्या, तर रुग्ण उपचारात टिकतात का, हे पाहायचं होतं. टिकतात, असं दिसलं. अहवाल ६४ पानी आणि इंग्रजीत आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ) आणि जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) यांनी आढावा बैठकीनंतर १५ मिनिटं दिली आहेत. पार्श्वभूमी, पद्धत, नमुना, तक्ते, मर्यादा आणि ११ शिफारशी अशा २२ स्लाइड तयार आहेत. काय ठेवू, काय गाळू? भाषा कोणती?

उंबरठा
आधी शिफारशींना हात घाला. ११ शिफारशी म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने एकही नाही. प्रत्येकीपुढे लिहा: हे करण्याचा अधिकार कोणाचा? औषधांचा दर करार राज्य पातळीवरचा, पदनिर्मिती शासनाची. त्या शिफारशी या खोलीत बोलून काही हलणार नाही. उपकेंद्रावर साठा ठेवणं, ३० दिवसांचा डोस देण्याची सूचना काढणं, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून (सीएचओ) पाठपुरावा घेणं हे जिल्ह्याच्या हातातलं आहे. तेवढंच मागा.

रचनेसाठी कॅनडात रूढ झालेला १:३:२५ हा साचा चांगला आहे: एका पानावर मुख्य संदेश, तीन पानांत सारांश, २५ पानांत अहवाल. तुमचा ६४ पानी अहवाल असू द्या, पण बैठकीत हातात पडेल ते एक पान. त्यात पहिल्या दोन ओळींत मागणी, मग आधाराचे तीन आकडे, मग खर्च, मग काय चुकू शकतं. पद्धत शेवटच्या चार ओळींत. संशोधनपत्रात नेमका उलटा क्रम असतो आणि आपण सवयीने तोच बैठकीत नेतो. बाराव्या मिनिटाला निष्कर्ष येतो, तोवर साहेबांना दुसरा फोन आलेला असतो.

स्लाइड पाच पुरे. बोलणं सात मिनिटं, उरलेली आठ प्रश्नांना. पान मराठीतच काढा, कारण तेच पुढे नस्तीला (सरकारी फाइलला) लागतं आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत जातं. तक्त्यांतल्या संज्ञा मात्र कार्यक्रमाच्या मासिक अहवालात असतात तशाच ठेवा.

पाढेवाला
आकड्यांबद्दल. सगळ्यात जास्त घोटाळा छेदात होतो. समजा, १,००० रुग्णांची नोंद आहे, तिमाहीत ६०० आले आणि त्यांतल्या ४२० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. आलेल्यांवर भागलं तर नियंत्रण ७० टक्के, नोंदणीवर भागलं तर ४२ टक्के. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात न आलेले रुग्ण छेदातच धरतात आणि तेच बरोबर आहे, कारण तुमचा अभ्यासच मुळी न येणाऱ्यांबद्दल आहे. तुम्ही ७० सांगितलेत आणि डीएचओंच्या तक्त्यात ४० च्या आसपासचा आकडा असला, तर पुढची आठ मिनिटं त्या वादात जातील.

दुसरं, सापेक्ष घट एकटी सांगू नका. गळती ४० टक्क्यांवरून ३० वर आली तर तिला '२५ टक्के घट' म्हणता येतं, आणि ऐकणारा समजतो शंभरातले २५ वाचले. सरळ लिहा: दर १०० रुग्णांमागे १० जण जास्त टिकले. विश्वास-अंतरालही (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे ती टोकं) साध्या भाषेत द्या: 'खरा फरक १०० मागे ४ इतका कमी किंवा १६ इतका जास्तही असू शकतो.' पी-व्हॅल्यू (फरक केवळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारा संख्याशास्त्रीय आकडा) त्या एका पानावर नको.

नस्तीकार
वरचं सगळं जमलं तरी प्रस्ताव पुढच्या टेबलावर दोन प्रश्नांवर अडतो: लेखाशीर्ष (खर्च ज्या शीर्षाखाली टाकायचा ते) कोणतं आणि साठा कुठून?

साठ्याचं गणित तुम्हीच करून न्या. समजा, जिल्ह्यात १०,००० नोंदणी आहे आणि महिन्याला ५,००० जण येतात. रोज एक अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम (रक्तदाबाची गोळी) धरली तर महिन्याला १,५०,००० गोळ्या. तुमच्या पद्धतीने ६,५०० जण यायला लागले तर १,९५,०००, म्हणजे ४५,००० जास्त. ज्यांना १० मिलिग्रॅम लागते त्यांना ५ च्या दोन दिल्या जात असतील तर आकडा आणखी वाढतो. ही वाढीव मागणी आधी नोंदवली नाही तर तिसऱ्या महिन्यात साठा संपतो, रुग्णाला दहाच गोळ्या मिळतात, तो पुढच्या वेळी येत नाही, आणि बदनाम तुमची शिफारस होते. उपकेंद्राचा साठा ई-औषधीत (औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत) दिसतो की केंद्रातच 'वाटप' म्हणून खर्ची पडतो, हेही औषध निर्माण अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या.

वेळेचं म्हणाल तर, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा (पीआयपी) २०२२-२४ पासून दोन वर्षांचा असतो. जिल्ह्याच्या मागण्या आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या काही महिने आधी वर जातात. मार्चमध्ये उत्तम संशोधन घेऊन गेलात तर ऐकून घेतील, पैसे देता येणार नाहीत. मधल्या काळात लागणारी रक्कम छोटी असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीचा पर्याय विचारून पाहा. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांना बैठकीच्या आठवडाभर आधी भेटा. सीईओ 'करता येईल का?' असं त्यांच्याकडेच वळून विचारतात, आणि त्यांनी विषय पहिल्यांदाच ऐकला असेल तर उत्तर 'तपासून सांगतो' असंच येणार.

रानवारा
फार उपयोग झाला. एक अडचण उरते. अभ्यास एकाच तालुक्यातला, आधी आणि नंतर अशी तुलना. शेजारचा तालुका तुलनेला घेतला नव्हता. 'आमच्या दुर्गम भागात हे कसं चालेल?' हा प्रश्न येणारच.

उंबरठा
येऊ द्या, आणि प्रश्न येण्याआधी मर्यादा तुम्हीच सांगा. तुलना गट नाही, म्हणून सुधारणेतला काही भाग त्याच काळात झालेल्या इतर बदलांचा असू शकतो, हे एका वाक्यात मांडा. मग पूर्ण जिल्हा मागू नका. दोन तालुके, एक सोपा आणि एक दुर्गम, दोन तिमाही, आणि तेवढ्याच काळासाठी तुलनेला दोन तालुके जुन्या पद्धतीवर, एवढंच मागा.

गडचिरोलीचं उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या घरोघरी नवजात बाळाच्या काळजीच्या प्रयोगात ३९ गावं आणि तुलनेला ४७ गावं होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट. पण त्याच लेखात आणखी दोन आकडे होते, एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. योजना आखणाऱ्याला गुणाकार करता येतो तो या दोन आकड्यांचा. तरीही 'हे फक्त तिथेच जमेल' ही शंका होतीच, म्हणून 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या इतर सात ठिकाणी स्थानिक संस्थांकडून तेच करून पाहिलं गेलं. आशांमार्फत ते देशाच्या कार्यक्रमात आलं २०११ मध्ये. तिथेही शिफारस मोजता येईल अशीच होती: दवाखान्यात बाळंतपण असेल तर सहा भेटी, घरी असेल तर सात, आणि ठरलेल्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये.

पाढेवाला
तुम्हीही तसंच एक सूचक ठरवून द्या: 'या तिमाहीत नोंदणी असूनही न आलेल्यांचं प्रमाण'. ते सीएचओच्या नेहमीच्या नोंदींतून निघायला हवं, नवी नोंदवही लादू नका. दुर्गम तालुक्यात रक्तदाब यंत्र चालू स्थितीत आहे का आणि बॅटरी कोण देणार, हेही त्याच पानावर लिहा. यंत्र बंद पडलं की रीडिंग अंदाजाने भरली जातात आणि १३०/८० ची रांग लागते. शून्यावर संपणाऱ्या नोंदींचं प्रमाण दर महिन्याला पाहिलंत की ते लगेच कळतं.

नस्तीकार
बैठक संपली की दोन दिवसांच्या आत अर्ध्या पानाचं पत्र द्या: काय ठरलं, कोणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. इतिवृत्त तयार होईपर्यंत तेच पत्र आवक क्रमांकासह नस्तीत राहतं. अधिकाऱ्यांची बदली झाली तरी नव्या साहेबांपुढे विषय तिथूनच उघडतो.